परदेशातल्या फंडात पैसे घाला, खरं हिशोब इकडंपण द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

विषारी रसायनं कमी करायसाठी जगभरात जी कामं चालतात त्यांना आपल्या केंद्र सरकारनं पैसे द्यावेत, आत्ता देतंय त्याच्यापेक्षा जास्त द्यावेत, असं मी परवा आमच्या कट्ट्यावर बोललो आणि लोकांनी मला धुवून काढलं. एकजण म्हणाला आधी कृष्णेचं पाणी बघ जा. दुसरा म्हणाला बेळगावचा बळ्ळारी नाला आधी साफ करा म्हणावं, शहापूर-वडगावच्या शेतकऱ्यांची बासमतीची जमीन त्या घाण पाण्यापायी जायची वेळ आली आणि तुम्ही जिनिव्हाला पैसे पाठवा म्हणताय. तिसऱ्यानं तर सरळ सांगितलं, बाहेर पाठवलेला पैसा म्हणजे साहेब लोकांची विमानाची तिकिटं. सगळे एकदम बोलत होते, तिथं काय कुणी ऐकून घेणार नव्हतं, म्हणून लिहून पाठवतोय. जरा लांबलंय, जागा असेल तेवढं छापा.

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातला, कागवाड तालुक्यातला. ऊस आहे, थोडी हळद आहे. हळद सांगलीला जाते, दवाखाना म्हटलं की मिरज, आणि सरकारी काम निघालं की चिक्कोडी नाहीतर बेळगाव. म्हणजे आमचं निम्मं आयुष्य बॉर्डरच्या ह्या बाजूला आणि निम्मं त्या बाजूला चालतं, त्यामुळं हा विषय मला तरी लांबचा वाटत नाही.

कृष्णेचंच घ्या. इचलकरंजीच्या कापड प्रोसेसिंगचं, कोल्हापूरच्या सांडपाण्याचं, मधल्या कारखान्यांचं जे काय पंचगंगेत जातं ते नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळतं आणि राजापूरच्या बंधाऱ्यावरनं पुढं आमच्याकडं येतं. उन्हाळ्यात पाणी आटलं की वास, फेस, मासे वर येतात, पेपरात फोटो येतात, चार दिवस बोंबाबोंब होते आणि परत पहिले पाढे पंचावन्न. तक्रार करायची म्हटलं तर घाण सोडणारा महाराष्ट्रात, त्याचं प्रदूषण मंडळ वेगळं, पाणी पिणारा कर्नाटकात, त्याचं मंडळ वेगळं, ह्यांचा अधिकार तिकडं चालत नाही आणि तिकडच्या पुढाऱ्याला इकडच्या माणसाच्या मताची गरज नाही. आणि आम्ही तरी काय धुतल्या तांदळाचे आहोत होय, आमच्याकडचे साखर कारखाने, डिस्टिलऱ्या, आमच्या रानातली फवारणी हे सगळं पोटात घेऊन तीच नदी पुढं बागलकोटला जाते, रायचूरला जाते, तिथनं तेलंगण आणि आंध्रात. बॉर्डर कुठं असावी ह्यावर आपण १९५६ पासून भांडतोय, २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, त्याचा निकाल लागायचा तवा लागेल, खरं घाण पाणी काय त्या निकालासाठी थांबलेलं नाही.

एका देशातल्या दोन राज्यांत ही गत आहे. मग दोन देशांत काय होत असेल बघा. घाण होते तिथं पैसे नसतात नाहीतर मनात नसतं, आणि ज्याला त्रास होतो त्याचा तिथं काय अधिकार नसतो. अशा ठिकाणी कुणाचाच नसलेला, सगळ्यांनी मिळून घातलेला पैसा लागतो. ग्लोबल एन्व्हायर्नमेंट फॅसिलिटी म्हणून जो फंड आहे, त्याला जीईएफ म्हणतात, तो १९९१ ला ह्याच्यासाठीच सुरू झाला. आपल्या गल्लीतली भिशी असते तसलाच प्रकार, फक्त इथं नंबर लागायला चिठ्ठी काढत नाहीत, ज्याच्याकडं जास्त आहे त्यानं जास्त घालायचं आणि काम जिथं अडलंय तिथं द्यायचं. स्टॉकहोम करार, म्हणजे निसर्गात वर्षानुवर्षं नष्ट न होणाऱ्या विषांचा, आणि मिनामाता करार, म्हणजे पाऱ्याचा, ह्या दोन्हींचा पैसा मुख्यतः ह्या फंडातनं येतो. भारतानं स्टॉकहोमवर २००६ ला शिक्कामोर्तब केलं, मिनामातावर २०१८ ला. आणि आपण फक्त घेणारे आहोत असं नाही, देणाऱ्यांच्या यादीतही भारताचं नाव आहे, हे कट्ट्यावर कुणालाच माहीत नव्हतं.

आता पैसे किती, ते ऐका. २०२२ ला २९ देशांनी मिळून चार वर्षांसाठी ५३३ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, त्यात जंगल, हवामान, समुद्र सगळं आलं. रसायनं आणि घातक कचरा ह्या खात्याला त्यातले साधारण ८० कोटी डॉलर. म्हणजे वर्षाला २० कोटी डॉलर, आपल्या पैशात अंदाजे सतराशे कोटी रुपये, सगळ्या गरीब आणि मध्यम देशांना मिळून. आपल्या बेळगावला २०१६ च्या पहिल्याच यादीत स्मार्ट सिटी म्हणून घेतलं, त्या योजनेत एका शहराला केंद्राचे ५०० आणि राज्याचे ५०० असे हजार कोटी धरलेले. आपल्या एका शहराचे रस्ते, फुटपाथ, लाईटचे खांब ह्याला जेवढं धरलं त्याच्या पावणेदोन पटीत अर्ध्या जगाचं वर्षभराचं विष आवरायचं. हे वाचल्यावर मला तरी पैसे जास्त जातात असं वाटलं नाही, उलट एवढ्यात भागवतात कसं तेच कळंना झालं.

आणि ह्या असल्या थोड्याथोडक्या पैशात झालेली कामं लहान नाहीत. पेट्रोलमधलं शिसं आठवतं का कुणाला? आमच्या वेळच्या पेट्रोलवरच्या स्कूटरी, मोटारसायकली, गाड्या सगळ्यांच्या धुरातनं शिसं बाहेर पडायचं असं आपल्याला कोण सांगत होतं. १९९९ च्या फेब्रुवारीत बेंगळुरूला शिशाच्या विषबाधेवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती, बेंगळुरूच्याच सेंट जॉन्सचे डॉ. थुप्पिल व्यंकटेश ह्यांनी तर ह्या विषयात जन्म घातला, आणि २००० च्या फेब्रुवारीपासून आपल्या सगळ्या देशात फक्त शिसं नसलेलं पेट्रोल मिळायला लागलं. आपलं झालं, खरं आफ्रिकेत, मध्यपूर्वेत, आशियात बऱ्याच देशांत तेच जुनं पेट्रोल चालू होतं. २००२ ला संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण खात्यानं सरकारं, तेल कंपन्या, संस्था अशांना एकत्र बांधून एक आघाडी केली आणि एकेक देशाच्या मागं लागून, ट्रेनिंग देऊन, रिफायनरीवाल्यांना समजावून ते बंद करत आणलं. सगळ्यात शेवटी २०२१ च्या जुलैत अल्जेरियातला पंप बंद झाला. ह्यामुळं वर्षाला १२ लाखांच्या वर अकाली मरणं टळतात असा त्यांचा हिशोब आहे. १९ वर्षं लागली. पुढाऱ्याला एवढ्या वर्षांत चार निवडणुका लागतात त्यामुळं असल्या कामाचं फ्लेक्स कुणी लावत नाही.

हळदीचं मात्र सविस्तर सांगतो, कारण ते माझ्या धंद्यातलं आहे.

हळद काढली की शिजवायची, वाळवायची आणि मग ड्रममध्ये फिरवून पॉलिश करायची, वरची साल-मुळं निघाली की पिवळेपणा दिसतो आणि त्याच्यावर सौद्यात भाव ठरतो. सांगलीच्या यार्डात व्यापारी आधी रंग बघतो, मग बाकीचं. कुडी काळपट दिसली की दर पडला, मग आत कितीबी चांगली असू दे. पावसात भिजली, नीट वाळली नाही की रंग जातो. २००५ च्या पुरात हरिपूरची हळद साठवायची जमिनीतली पेवं गेली तेव्हा ओल काय करते ते सांगलीनं बघितलं. तर बांगलादेशात नेमकं हेच झालं होतं. तिकडं १९८० च्या दशकात मोठा पूर आला, हळद भिजून काळवंडली, आणि पॉलिश करताना कुणीतरी पिवळी पूड टाकायला सुरुवात केली, तिकडं त्याला पेउरी म्हणतात. ती म्हणजे लेड क्रोमेट, शिसं आणि क्रोमियमचं संयुग, रंगाच्या कारखान्यात वापरायची वस्तू. हळद लखलखीत दिसते, वजनही थोडं वाढतं, गिऱ्हाईक खूश, व्यापारी खूश. आणि हे वर्षानुवर्षं चाललं, कारण खाऊन लगेच कुणी मरत नाही. पोराची बुद्धी थोडी कमी होते, शाळेत मागं पडतं, मोठेपणी बीपी, हार्टचा त्रास, त्याचा संबंध कोण डाळीतल्या हळदीशी लावणार?

तो संबंध लावला बांगलादेशातल्या आयसीडीडीआर,बी ह्या संस्थेनं आणि अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी. गरोदर बायकांच्या रक्तात शिसं जास्त निघालं, जवळपास कारखाना नाही, बॅटरीचं काम नाही, मग येतं कुठनं, असं शोधत शोधत ते हळदीपर्यंत पोचले. २०१९ ला बाजारातले नमुने घेतले तर ४७ टक्क्यांत शिसं. मग तिथलं अन्नसुरक्षा खातं जागं झालं, हातात धरायचं एक्स-रेवर चालणारं मशिन घेऊन ढाक्याच्या घाऊक बाजारात गेले, जागच्या जागी तपासलं, दंड केला, माल जप्त केला, टीव्हीवर दाखवलं, बाजारात पत्रकं लावली. २०२१ ला परत नमुने घेतले तर एकात पण नाही. शून्य. हळदीच्या गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातलं शिसंही साधारण तीसेक टक्क्यांनी उतरलं. ह्याला काय धरण बांधावं लागलं नाही, हायवे करावा लागला नाही. बाहेरचं संशोधन, तिथल्या सरकारची हिंमत आणि ती दोन-चार मशिनं.

तुम्ही म्हणाल बांगलादेशचं बांगलादेशात. खरं २०२४ ला त्यातल्याच काही मंडळींनी भारत, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका ह्या देशांतल्या शहरांतले नमुने तपासले, त्यात पाटणा, गुवाहाटी, चेन्नई, कराची, काठमांडू अशी नावं आलीत. आपल्याकडं हळदीत दहा लाख भागात शिशाचे १० भाग ही मर्यादा आहे, पाटण्याच्या काही मालात ती दोनशे पटीच्या वर गेलेली. मी सांगलीच्या मालावर बोट दाखवत नाही, माझीच हळद तिथं जाते, आणि सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचा सरकारी शिक्का, मिळालाय त्याचा मला अभिमान पण आहे. उलट म्हणूनच म्हणतोय. उद्या कुणा एकानं कुठंतरी घाण केली आणि बाहेरच्या देशानं भारताची हळद म्हणून कंटेनर परत पाठवला, तर दर पडणार तो रायबाग, मुडलगी, अथणी, कागवाडच्या शेतकऱ्याचा, ज्यानं काहीच केलं नाही त्याचा. ढाक्यात ते मशिन फिरलं ह्यात आमच्या पोटाचा प्रश्न आहे, तो आम्हाला कळत नाही एवढंच.

आता मुद्द्याची गोष्ट. युनिसेफ आणि प्युअर अर्थ ही संस्था ह्यांनी २०२० ला एक रिपोर्ट काढला, जगातल्या ८० कोटी पोरांच्या रक्तात शिसं धोक्याच्या पातळीवर आहे म्हणून, म्हणजे तीनातलं एक पोर, आणि त्यातली साडेसत्तावीस कोटी भारतातली. अंदाज आहे तो, सगळ्यांचं रक्त काय काढलेलं नाही, खरं अंदाज अर्धा चुकला तरी केवढा आकडा राहतो बघा. ह्याच्यावर २०२४ च्या सप्टेंबरात अमेरिकेची परदेशी मदतीची संस्था यूएसएड आणि युनिसेफ ह्यांनी पुढं होऊन शिसंमुक्त भविष्यासाठी म्हणून एक मोठी आघाडी उभी केली, सुरुवातीला १५ कोटी डॉलर जमले. आणि चारच महिन्यात, २०२५ च्या जानेवारीत, तिकडं नवीन राष्ट्राध्यक्ष आले, त्यांनी बाहेरच्या देशांची मदत थांबवली, आणि १ जुलै २०२५ ला यूएसएड बंदच करून टाकली. जिनं पुढाकार घेतला ती संस्थाच राहिली नाही. अमेरिकेच्या लोकांचा पैसा आहे, त्यांनी द्यावा न द्यावा हा त्यांचा प्रश्न, मी त्यांना नावं ठेवत नाही. मी आपल्याला विचारतोय. जगात सगळ्यात जास्त शिसं ज्यांच्या पोरांच्या रक्तात आहे असं म्हणतात तो देश आपला, जगातली चौथी-पाचवी अर्थव्यवस्था म्हणून छाती फुगवणारे आपण, चंद्रावर यान उतरवणारे आपण, आणि ह्या कामाचा खर्च वॉशिंग्टननं उचलायचा? तिकडं एक सही झाली की इकडं काम बंद, असल्या आधारावर किती दिवस बसायचं.

पेट्रोलचं शिसं गेलं, घरच्या रंगातल्या शिशावर २०१६ ला नियम आला, दहा लाखात ९० भागांच्या वर नको म्हणून. राहिलं ते बॅटरीचं. जगातलं बहुतेक शिसं बॅटरीतच जातं. घरोघरी इन्व्हर्टर, प्रत्येक ट्रॅक्टरला, रिक्षाला बॅटरी, जुनी झाली की भंगारवाला घेऊन जातो, चांगले पैसे देतो, पुढं ती कुठं फोडतात, कुठं वितळवतात, ॲसिड कुठं ओततात हे आपण विचारत नाही. २०२२ चे बॅटरी कचऱ्याचे नियम कागदावर चांगले आहेत. कागदावर.

आता औषधाचं, म्हणजे फवारणीच्या. इथं आंतरराष्ट्रीय पैसा अगदी आपल्या बांधापर्यंत येऊ शकतो, आणि हे तर आपल्या पुढाऱ्यांनी वाचलंच पाहिजे. २०२४ च्या मार्चमध्ये नैरोबीला सात देशांनी मिळून एक प्रोजेक्ट सुरू केला, इक्वेडोर, केनिया, लाओस, फिलिपिन्स, उरुग्वे, व्हिएतनाम आणि भारत. ३७ कोटी ९० लाख डॉलरचा, जीईएफच्या मदतीनं, पाच वर्षांचा. शेतीतली घातक औषधं आणि शेतीतलं प्लॅस्टिक कमी करायचं, बँका आणि सरकारी धोरण असं वळवायचं की शेतकऱ्याला कमी विषाचा रस्ता परवडला पाहिजे. फार्म असं त्याचं नाव. भारत त्यात आहे. मी एका सरकारी कार्यालयात जाऊन विचारलं, तिथल्या माणसानं मला बियाण्याच्या सबसिडीचा फॉर्म दिला. त्याचा दोष नाही, त्याला वरनं कुणी सांगितलंच नसेल.

आणि गरज किती आहे ते रानात फिरल्याशिवाय कळत नाही. टोमॅटो, मिरची, ढबू मिरचीवाले आठवड्याला पंप मारतात, द्राक्षाचं तर विचारूच नका. हातात मोजे नाहीत, तोंडाला टॉवेल, वाऱ्याची दिशा न बघता फवारणी, झालं की त्याच हातानं तंबाखू मळायची. २०१७ ला यवतमाळात फवारणी करताना वीसच्या वर माणसं गेली ती काय वेडी नव्हती, ती आपल्यासारखीच होती. बाटलीवर लाल, पिवळा, निळा, हिरवा असा त्रिकोण असतो, लाल म्हणजे जहाल, किती जणांना माहीत आहे? आणि आमच्या भागात आणखी एक गंमत, बाटली बेळगाव जिल्ह्यात घेतली तर चिठ्ठीवर कन्नड, तीच मिरजेत घेतली तर मराठी, वाचणारा एकच. कन्नडला माझा अजिबात विरोध नाही, मला वाचता येतं, खरं खानापूरच्या जंगलाकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला येत नाही आणि विष त्याच्याही अंगावर पडतं. रिकाम्या बाटल्या ओढ्यात नाहीतर बांधाला, मल्चिंगचा प्लॅस्टिक पेपर आणि ठिबकच्या फाटलेल्या लॅटरल गोळा करून पेटवून देतात. असल्या उघड्यावरच्या जाळण्यातनं डायॉक्सिन निघतात, स्टॉकहोम कराराच्या पहिल्या बारा विषांच्या यादीत ती आहेत, आणि आपण ती संध्याकाळी शेकोटीला करतोय. दुकानदार तरी काय करणार, रिकामी बाटली परत घ्यायला त्याला कुणी पैसे देत नाही. त्याला पैसे द्यायची सोय करणं हे असल्या प्रोजेक्टचंच काम.

एंडोसल्फान ह्या फवारणीच्या औषधाची गोष्ट कर्नाटकातल्या माणसानं तरी विसरू नये. कासरगोडच्या काजूच्या बागांवर वर्षानुवर्षं विमानातनं फवारलं, आपल्या दक्षिण कन्नडमध्येही लोक अंथरुणाला खिळले, पोरं अपंग जन्मली. २०११ च्या एप्रिलमध्ये जिनिव्हात स्टॉकहोम कराराच्या बैठकीत जगभर बंदीचा विषय आला तेव्हा आपलं सरकार आधी विरोधात होतं, पर्याय महाग आहेत म्हणून. मग काही पिकांसाठी मुदत आणि पर्याय आणायला पैशाची मदत ह्याच्यावर तयार झालं. पुढच्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानं देशात बंदी घातली. बघा, पैशाचा विषय आला नसता तर तिथं नुसतं भाषण झालं असतं. बंदी घाला म्हणणं सोपं आहे, शेतकऱ्याला दुसरं काय द्यायचं आणि त्याचा खर्च कुणी करायचा हे ठरल्याशिवाय बंदी टिकत नाही. आपल्याच सरकारनं २०२० च्या मे महिन्यात २७ औषधांवर बंदीचा मसुदा काढला होता, शेवटी २०२३ ला त्यातली मोजकीच बंद झाली. चंदगड-खानापूरच्या काजूवाल्यांनी ह्यावर जरा डोकं लावावं.

आता कट्ट्यावरच्या तिसऱ्याचं, विमानाच्या तिकिटाचं. तो पूर्ण खोटं बोलत नाही. जीईएफचा पैसा थेट देशाला येत नाही, मधल्या एजन्सीकडनं येतो, त्या नऊ-साडेनऊ टक्के फी घेतात, मग सल्लागार, मग दिल्लीच्या हॉटेलात वर्कशॉप, बॅनर, फोल्डर, पेन. हे सगळं मलाही दिसतं. २०२३ ला जर्मनीतल्या बॉनमध्ये रसायनांचा नवीन जागतिक आराखडा झाला, २०२५ च्या जूनमध्ये उरुग्वेत रसायनं आणि प्रदूषणावर शास्त्रज्ञांचं नवीन पॅनल झालं, ऑगस्टमध्ये जिनिव्हात प्लॅस्टिकच्या करारावर एवढे दिवस बसून काही न ठरता सगळे घरी गेले. मिटिंगा भरपूर. खरं तेवढ्यासाठी पैसे देणं बंद करा हा काय उपाय झाला? आपल्या ग्रामपंचायतीत पैसे खातात म्हणून आपण पंचायत बंद करा म्हणत नाही, हिशोब मागतो. उलट जो पैसे घालतो त्यालाच हिशोब मागता येतो. आत्ता आपण थोडे घालतो म्हणून टेबलाच्या कडेला बसतो आणि कुठलं विष आधी, कुठला देश आधी हे दुसरेच ठरवतात.

तर माझं म्हणणं असं की जीईएफचं २०२२ ला ठरलेलं चार वर्षांचं चक्र जून २०२६ पर्यंतचं, त्याच्या पुढच्या २०३० पर्यंतच्या चक्रात भारतानं आपला वाटा ठळक वाढवावा आणि तो बजेटात वेगळा लिहून दाखवावा, कुठल्यातरी मोठ्या आकड्याच्या पोटात लपवू नये. शिशाच्या कामात अमेरिका गेली ती जागा काही प्रमाणात तरी आपण भरावी, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका हे आपले शेजारी आहेत, तिथला मसाला, तिथली बॅटरी आणि इथली ह्यात काय फार अंतर नाही. आणि त्याच वेळी फार्मसारख्या प्रोजेक्टचा किती पैसा कर्नाटकाला आला, किती महाराष्ट्राला, कुठल्या तालुक्यात काय केलं, हे जिल्ह्याला कळवावं, आमच्याकडं कन्नड आणि मराठी दोन्हींत. रयत संपर्क केंद्रात, म्हणजे कर्नाटकच्या शेती खात्याच्या ऑफिसात, रिकाम्या बाटल्या परत घ्यायची पेटी ठेवायला किती खर्च येतो? सांगलीच्या यार्डात आणि बेळगावच्या बाजारात हळद-तिखट तपासायचं एकेक मशिन, आणि जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात लहान पोरांच्या रक्तातलं शिसं बघायची सोय, बॅटरीवाल्यांच्या, रंगवाल्यांच्या पोरांपासून सुरुवात करायची. कृष्णेसाठी दोन्ही मंडळांनी राजापूरच्या बंधाऱ्याजवळ एकत्र नमुने घ्यावेत आणि आकडे दोन्ही राज्यांत एकाच दिवशी जाहीर करावेत, ह्याला तर परदेशी पैसा पण लागत नाही.

डिसेंबरात बेळगावच्या सुवर्णसौधला कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन भरतं, दरवर्षी बॉर्डरवर एक दिवस तरी गोंधळ होतो, आमच्याकडचे आमदार तिथं असतात. दिल्लीत आमचे खासदार असतात, पलीकडं कोल्हापूर-सांगली-हातकणंगल्याचे पण असतात. त्यांच्यापैकी कुणीही, कुठल्याही पार्टीचा, एवढंच विचारावं की जीईएफला भारतानं २०२२ ते २०२६ ह्या चार वर्षांत किती रुपये दिले आणि फार्ममधले किती बेळगाव, कोल्हापूर, सांगली ह्या तीन जिल्ह्यांत खर्च झाले. उत्तर आलं की तुम्ही ते पहिल्या पानावर नाही छापलं तरी चालेल, आतल्या पानावर बाजारभावाच्या शेजारी छापा, तिथं आम्ही सगळे बघतो.

आपला,
एक ऊस-हळद उत्पादक, कागवाड तालुका